लेकीच्या घरचं पाणी

आमच्या लिंबायतच्या गल्लीत उषाबाईशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही. शेजारीण म्हणून मीही पुष्कळदा हरले आहे. नवरा गेल्यावर साड्यांना लेस लावून तिने हर्षदाला शिकवलं. पोरगी बँकेत नोकरीला लागली, अडाजणच्या चांगल्या घरात पडली. या सगळ्यात उषाबाईने कुणापुढे हात पसरला नाही, की मान खाली घातली नाही.

तिचा एक नियम मात्र मला कधी पटला नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आमच्याकडच्या जुन्या लोकांची रीत. हर्षदाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा काही हलला नाही, आणि ही बाई लेकीकडे जाताना अजून पिशवीत पाण्याची बाटली घेऊन जायची.

शेवटी हर्षदानेच तोड काढली. घरी नाही तर हॉटेलात. हॉटेल काही लेकीचं घर नव्हे. हे उषाबाईला पटलं आणि सोबतीला तिने मला ओढलं. वेसू भागातल्या एका नव्या लेबनानी हॉटेलात आम्ही तिघी जाऊन बसलो. आईला आपण जेवू घालतोय, याच आनंदात हर्षदा होती.

पण नाव मोठं, लक्षण खोटं. आधी वाटलेल्या हरभऱ्याची ताटली आली, वर तेलाची धार. ती आम्ही चटणी समजलो आणि भाजीची वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने वाढप्याला विचारलं, तर भाजी म्हणजे तीच. सोबतची रोटी थंडगार आणि पापडासारखी कडक. मग वांग्याचं काहीतरी आलं. भरीत म्हणून उषाबाई खुशीने पुढे सरकली, पण ते थेट फ्रिजमधून आलेलं, वर आंबट. वडे बाहेरून करपलेले, आत कच्चे. तिने वाढप्याला शांतपणे सांगितलं, की हे नीट तळून आण. तो तेच वडे आणखी काळे करून घेऊन आला. मला हसू आवरेना.

हर्षदाला मात्र रडू आलं.

"आई, एकदा तुला पोटभर जेवू घालायचं होतं, तेही जमलं नाही. मला मूल झालंच नाही, तर तू कधीच नाही का जेवणार माझ्याकडे?"

उषाबाईने पिशवीतल्या बाटलीकडे पाहिलं. तिला वादात हरलेलं मी प्रथमच पाहिलं. मला तिचा राग आला आणि कीवही आली. ती आपली रीत पाळत होती, आणि लेकीला दर वेळी त्या बाटलीत आपलं उणं दिसत होतं.

मग ताटली बाजूला सारून उषाबाई आपल्या गावाकडच्या बोलीत म्हणाली,

"चाल तुना घर. माले भूक लागनी. खिचडी टाक, वर कच्चं तेल घालजो."

"आणि रीत?" मी विचारलं.

"मीच पाळी, मीच मोडसू."

अडाजणला पोचलो. उषाबाईने पिशवीतली बाटली काढली आणि हर्षदाच्या तुळशीत रिकामी केली. घाईघाईत खिचडी जरा खाली लागली, पण उषाबाईने दोनदा मागून घेतली. त्याआधी हर्षदाने भीत भीत पाण्याचा तांब्या पुढे केला होता. तिच्या आईने तो एका दमात संपवला, रिकामा तांब्या पुन्हा तिच्यापुढे धरला आणि ती म्हणाली, "आखो आन."