शेळीनं खाल्लेली झावळी

मैत्रिणींनो, आज झावळ्यांचा रविवार, प्रभू गाढवावर बसून शहरात आला त्याची आठवण. चर्चमध्ये मिस्सा आटोपून मी आणि माझी नात रूथ उमरग्यातल्या घरी परतलो. आशीर्वादित झावळी रूथनं ओट्यावर ठेवली आणि शेजारच्या शांताबाईंच्या शेळीनं तिची सगळी पाती फस्त केली.

रूथ रडायलाच लागली. झावळी वर्षभर क्रुसामागं जपायची, मग जाळून तिचीच राख राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची, हे तिला ठाऊक आहे.

"लई चुकलं बाई, दावं सुटलं," शांताबाई ओशाळल्या.

मला मात्र हसू आलं. मी रूथला सांगितलं, बहात्तरच्या दुष्काळात आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मिरवणूक संपताच सगळ्या झावळ्या जनावरांच्या छावणीत पाठवल्या होत्या. म्हणाल्या, "प्रभूला गाढवानं वाहून आणलं. त्याच्या भाऊबंदांना उपाशी ठेवायचं व्हय?"

"मग राख कशाची लावली?" रूथनं डोळे पुसत विचारलं.

"ज्या चुलीवर आम्हा बोर्डिंगातल्या पोरींची मदतीची सुकडी शिजायची, तिची."

रूथनं उरलेला देठही शेळीपुढं धरला.

त्या चुलीचे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते. तुमचे कुणाचे आभार मानायचे राहिलेत?