समुद्राआधी हातोदची विहीर

माझी सून समुद्राच्या तळाशी बसवायचे व्हॉल्व्ह बनवते आणि तिला पाण्याची भीती वाटते. पहिली गोष्ट लग्न ठरतानाच कळली होती. दुसरी कळायला नातू शाळेत जायला लागावा लागला.

तिची कंपनी पिथमपूरला आहे. सकाळी कंपनीची बस घराजवळच्या बडा गणपतीच्या चौकातून तिला घेऊन जाते, संध्याकाळी आणून सोडते. मी एकदा विचारलं होतं, समुद्राचं सामान इथे कशाला बनवता, तिकडे जागा नाही का? ती म्हणाली, "आई, लोखंड कापायला समुद्र लागत नाही." उत्तर मला आवडलं. आमच्याकडे सरळ उत्तर द्यायची पद्धत कमी आहे.

मी चौथीपर्यंत शिकले, तरी तिचं काम मला समजतं, कारण तिने ते स्वयंपाकघरात समजावलं. समुद्राच्या खालून तेल आणि गॅस काढतात. त्याचे पाइप तळावरून जातात. त्या पाइपांवर हे व्हॉल्व्ह असतात, म्हणजे तोट्याच, पण आपल्या फ्रिजएवढ्या. वर समुद्रात लोखंडी माळा उभा असतो, तिथे कुणी बटण दाबलं की खाली तोटी बंद झाली पाहिजे. नाही झाली तर तेल समुद्रात जाणार आणि वरच्या माणसांच्या जिवावर येणार. तिने कुकरची रिंग काढून माझ्या हातात दिली. "हिचं काम काय?" मी म्हटलं, वाफ अडवायची. "कुकरमध्ये जोर फक्त आतून असतो. तिथे बाहेरूनही असतो, समुद्राचा. तशी रिंग बनवायचं माझं काम." आधी असे व्हॉल्व्ह परदेशातून यायचे. हिच्या लोकांनी ते इथे बनवायला घेतले. पहिला गळला, दुसरा गळला. त्या दिवसांत ती जेवताना ताटाकडे बघायची आणि काय वाढलंय ते तिला दिसायचं नाही. मग एकदा संध्याकाळी बसमधून उतरून घरी येईपर्यंत तिला धीर निघाला नाही, चौकातूनच फोन केला. कारखान्यातल्या दाबाच्या टाकीत व्हॉल्व्ह रात्रभर ठेवला होता आणि एक थेंब गळला नव्हता.

आता तो खरोखर समुद्रात बसवायचा होता, आणि बनवणाऱ्यांपैकी एकाने तिथे हजर राहायचं होतं. तिचं नाव लागलं. मुलाने सकाळी पोहे-जलेबी आणली. पण त्या माळ्यावर हेलिकॉप्टरने जातात, आणि त्याआधी एक ट्रेनिंग करावंच लागतं. हेलिकॉप्टर पाण्यात पडून उलटं झालं तर आतून बाहेर कसं यायचं, हे शिकवतात. मोठ्या तलावात खोटी केबिन असते. पट्टा बांधून बसवतात, केबिन पाण्यात सोडतात आणि उलटी करतात.

ती गेली आणि ठरल्यापेक्षा आधीच परत आली. बॅग दारात ठेवली आणि म्हणाली, "आई, मी उतरलेच नाही. शिडीवर उभी राहिले, गुडघ्यापर्यंत गेले आणि वर आले. सगळे बघत होते."

ती मराठवाड्यातली आहे. तिच्या गावात पाणी टँकरने यायचं. पाणी भरायचं, झाकायचं, जपून वापरायचं, एवढंच तिला माहीत. त्यात आपण डोक्यासकट शिरायचं, हे तिच्या अंगात कुठेच नाही. तिला विहिरीत कुणी ढकललं नव्हतं, कुणी बुडालेलं तिने पाहिलं नव्हतं. तरी भीती होती. मला तर त्यात नवल वाटलं नाही. मला लिफ्टची वाटते.

मुलगा म्हणाला, "जाऊ दे ना यार. दुसऱ्या कोणाला पाठवतील. काय फरक पडतो?"

"तू गप्प बस," मी म्हटलं, आणि तिला विचारलं, "फरक पडतो का?"

तिने दारातली बॅग आत घेतली. मग म्हणाली, "तो पहिल्यांदा पाण्यात बंद होईल तेव्हा मला तिथे असायचंय. बस, एवढंच."

कंपनीने सांगितलं होतं, पुढच्या बॅचला एक संधी आणखी, नाही जमलं तर तिच्या हाताखालचा मुलगा जाईल. म्हणून ती इथल्या स्विमिंग पूलला जायला लागली. आठवडाभर गेली. मी दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलला हात लावला आणि म्हटलं, "हा तर कोरडाच आहे."

"काठावर बसते. पाय सोडते. मास्तर म्हणतो, मॅडम, रिलॅक्स."

"झालीस का रिलॅक्स?"

"नाही."

मग मी माहेरी, हातोदला, भावाला फोन केला, की विहिरीला पाणी किती आहे. दसरा नुकताच झाला होता. तो म्हणाला, चार पायऱ्या वर आहेत, बाकी सगळं पाणी. त्या विहिरीला एका बाजूने दगडी पायऱ्या आहेत. मी तिथेच पोहायला शिकले, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. आमच्या वडिलांना मुलगा-मुलगी असं काही नव्हतं, जो बांधावर रिकामा दिसेल त्याला विहिरीत सोडायचे.

रविवारी आम्ही दोघी गेलो. भाऊ माझ्याहून लहान, पण आता काठी घेऊन चालतो. त्याने प्लास्टिकच्या दोन कॅन आणि दोर तयार ठेवला होता. मी लुगड्याचा काष्टा मारला तसा तो हसायला लागला.

"ताई, तू? या उमरीत? गुडघे तो बघ आपले!"

"गुडघे पाण्यात दुखत नाहीत. तू मोटार बंद कर आधी. आणि बटणापाशी कुणाला जाऊ देऊ नकोस."

"केली बंद. तसंही ती काय पाणी फेकते आहे! मिस्त्री दोनदा येऊन गेला, पैसे घेऊन गेला, पाणी तेवढंच."

सुनेच्या पाठीला कॅन बांधल्या. सलवार-कमीज, केसांना घट्ट रबर, चेहरा चुन्यासारखा. मी पुढे झाले. पायऱ्यांवर शेवाळ होतं, मी हात मागे केला आणि तिने धरला. घरी न्हाणीच्या दारात ती रोज धरते तसाच धरला, कोपराच्या खाली, अंगठा आत. मला एरवी तो हात आवडत नाही. मी काही पडायला बसलेली नाही. पण मी उतरत गेले आणि तिला सोडता येईना. मी कमरेपर्यंत, ती गुडघ्यापर्यंत. मी गळ्यापर्यंत, ती छातीपर्यंत.

"आई, बास. आई, तुम्ही पुढे जाऊ नका."

"तू कुठवर आलीस ते बघ."

तिने बघितलं आणि अशी किंचाळली, की पिंपळावरचे बगळे उडाले. भाऊ वरून ओरडला, "मारते आहेस का तिला?"

मी तिला ओढलं नाही, ढकललंही नाही. म्हटलं, किंचाळायचं तेवढं किंचाळ, विहीर काही कुणाला सांगत नाही. माझा दंड तिने इतका आवळला की नंतर दोन दिवस निळा होता. बऱ्याच वेळाने तिचे श्वास जरा लांब झाले. पण तोंड पाण्यात घालायचं नाव नाही. मी घालून दाखवलं, नाक धरून दाखवलं, बुडबुडे काढून दाखवले. ती हनुवटी वर करून देवाचा फोटो बघितल्यासारखी उभी. मला वाटलं, झालं, आजही टॉवेल कोरडाच जाणार वर.

मोटारीचा पाइप पायऱ्यांच्या शेजारूनच खाली जातो. धरायला काही पाहिजे म्हणून तिने दुसऱ्या हाताने तो धरला होता. आणि मला दिसलं की तिचा हात पाण्याखाली पाइपवर सरकतोय. वर, खाली, परत तिथेच.

"मामा," तिने वर आवाज दिला, "मिस्त्रीने हा जॉइंट उघडला होता का?"

"कोणता?"

"पाण्यातला. इथे काहीतरी आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चीर आहे बहुतेक. हाताला लागते. पण किती लांब गेलीये ते कळत नाही."

मी म्हटलं, "बघ मग."

ती म्हणाली, "हो," आणि डोकं पाण्यात घातलं.

कान बुडाले, केस बुडाले, पाठीवरच्या कॅन वर आल्या. मी तिचा कमीज मुठीत धरून ठेवला. ती वर आली, नाकातोंडातून पाणी, खोकला, डोळे लाल. "दिसत नाही नीट," म्हणाली, आणि परत गेली. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा हसत होती. "आरपार आहे, आई. निम्मं पाणी तर इथेच परत विहिरीत जातंय." तेव्हा तिला कळलं की आपण कुठे जाऊन आलो. मग थोडी रडली. मी रडू दिलं.

बॅच येईपर्यंत प्रत्येक रविवारी आम्ही गेलो. भावाने नवा पाइप टाकला आणि आमच्यासाठी पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडून घेतलं. ती पोहायला काही शिकली नाही, हे सांगितलं पाहिजे. तरंगायला शिकली, आणि आत डोळे उघडे ठेवायला.

ती ट्रेनिंगला गेली त्या दिवशी मला घास गेला नाही. विहिरीत मी होते, वर भाऊ होता. तिथे पट्टा बांधून उलटं करणार होते. मुलगा म्हणाला, "तिथे पाणबुडे असतात आई, टेन्शन मत लो." मी देवाजवळ दिवा लावला नाही. मी तसं काही करत नाही. मी तांदूळ निवडले, जे आधीच निवडलेले होते.

दुपारी फोन आला तो तिचाच, पण आवाज बसलेला. पहिल्या वेळी घाबरून तिने पट्टा लवकर सोडला आणि उलट्या केबिनमध्ये कुठे वर, कुठे खाली, कळेना. पाणबुड्याने ओढून काढलं. "मग?" मी विचारलं. "मग त्यांनी विचारलं, जायचं का घरी? मी म्हटलं, परत बसवा." दुसऱ्यांदा तिने खिडकीची कड धरून ठेवली. केबिन फिरली, थांबली, नाकात पाणी गेलं, तरी हात सोडला नाही. खिडकी ढकलली, मग पट्टा काढला आणि बाहेर आली. त्यानंतरही दोनदा.

"पास का?"

"पास, आई."

"बरं," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

घरी आली तेव्हा एका कानात पाणी अडकलं होतं. एका पायावर उड्या मारून झाल्या, डोकं झटकून झालं. मी दिवाणावर बसले होते, म्हटलं, इकडे ये, तो कान खाली करून पड. मांडीवर टॉवेल घेतला. ती तिथे डोकं टेकवून आडवी झाली आणि सगळं परत सांगायला लागली. केबिनचा रंग, पाणबुड्याचे हिरवे मोजे, तिच्या शेजारी बसलेला कोणी दांडगा माणूस उलटीच करत होता. परवा तिचं विमान होतं, तिथून पुढे हेलिकॉप्टर, आणि मग तिचा व्हॉल्व्ह. बोलता बोलता टॉवेलवर कोमट पाणी ओघळलं, चमचाभरही नसेल. "निघालं," ती म्हणाली, आणि वाक्य अर्धं ठेवून झोपली.

मुलगा आत डोकावला. "चहा कोण करणार?"

मी बोटाने त्यालाच दाखवलं.

माझा पाय केव्हाचा बधिर झाला होता.