हात केला की हँडल हलतं

लोक लोणावळ्याला धुकं बघायला जातात, चिक्की आणायला जातात, नाहीतर घरातलं भांडण विसरायला जातात. आम्ही बापलेक गेलो ते गाडीचं हँडल का हलतं ते बघायला. त्यामुळे या पोस्टमध्ये टायगर पॉइंटचे फोटो नाहीत, आधीच सांगते. तळेगाव ते कुसगाव आणि पवनेच्या बाजूने परत, असा दोन दिवसांचा रस्ता मात्र आहे. आणि तुमची गाडी हळू होताना पुढून हलत असेल, तर कदाचित उपयोगाचंही काही सापडेल.

पप्पा टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. अर्धा मावळ त्यांनी खांबावर चढून बघितलाय. त्यांची गाडी जुनी दीडशे सीसीची, तारांच्या चाकांची. "हळू केली की पुढनं हलते," हे ते उन्हाळ्यापासून सांगत होते. आता "हळू केली की" म्हटल्यावर गॅरेजवाला काय समजणार? ब्रेक मारला की. एकाने ब्रेकपॅड बदलले, दुसऱ्याने आख्खी डिस्क बदलली आणि हलायचं ते हलतच राहिलं. मग माझा भाऊ मिलिंद गाडी घेऊन सोमाटण्यापर्यंत जाऊन आला. म्हणाला, काही हलत-बिलत नाही. त्याच संध्याकाळी पप्पांच्या हातातला कप बशीवर वाजला आणि मिलिंदने तो ऐकला. झालं. गाडी नाही, पप्पांचे हात हलतात, असा निकाल लागला. गाडीचे फोटो काढून विक्रीला टाकायची तयारीही झाली.

पप्पांनी गाडीची चावी मिलिंदपुढे ठेवून दिली, आणि मला राग आला तो त्याचाच. मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत काम करते. दोष कुठे आहे हे कळल्याशिवाय माल बाद करायचा नाही, एवढं एक काम मला नीट येतं. मिलिंदला म्हटलं, दोन दिवस थांब. गाडी मी चालवते, पप्पांना मागे बसवते. हलली तर दोष गाडीचा. नाही हलली, तर तू म्हणशील तसं. हे बोलताना माझा आवाज जरा जास्तच चढला होता.

शनिवारी सकाळी आठच्या आत तळेगाव सोडलं. एक्सप्रेसवे दुचाकीला बंद, त्यामुळे उर्सेच्या टोलनाक्यावरची गर्दी ही आम्ही लांबूनच बघायची गोष्ट. आपला जुना हायवेच बरा. वडगाव, कान्हे फाटा, कामशेत असा सरळ रस्ता आहे आणि सध्या खड्डेही फार नाहीत. शनिवार-रविवारी मात्र नऊनंतर मुंबईपुण्याच्या गाड्या असा गळा धरतात की विचारू नका. भातकापणी उरकत आली होती. बांधाबांधावर पेंढ्यांचे भारे उभे होते आणि हवेत ओल्या पेंढ्याचा वास होता. फिरायला जाण्यासारखं वातावरण होतं, पण माझं सगळं लक्ष हँडलकडे.

मोकळा पट्टा मिळाला की साठला न्यायची, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि गाडी आपोआप हळू होऊ द्यायची. मग तेच पुढचा ब्रेक मारून. मग मागचा ब्रेक मारून. मी दोन्ही मुठी आवळून, श्वास धरून बसलेली. मागून पप्पा विचारायचे, "हलली?" मी म्हणायचे, नाही. वडगाव गेलं, कान्हे गेलं. हँडल देवळातल्या खांबासारखं स्थिर. कान्ह्यानंतर पप्पांनी विचारायचं सोडलं.

कामशेतला स्टेशनच्या रस्त्याला मिसळ खाल्ली. मिसळ झणझणीत होती, दोघांचे मिळून दोनशेच्या आतबाहेर झाले, दही वेगळं मागून घ्या. चव मला विचाराल तर आठवत नाही. पप्पांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. एक क्षण असंही वाटलं की मिलिंदला सरळ खोटं सांगावं, हलते म्हणून. पण मग खरंच हातांचा दोष असेल, आणि मीच त्यांना पुन्हा गाडीवर बसवलं असेल, तर? पुढे कार्ला फाटा, वलवण, लोणावळा आलं.

मुक्काम कुसगावला होता, सोपानआबांकडे. हे पप्पांचे तरुणपणापासूनचे मित्र. त्यांच्या शेतातून टेलिफोनची लाइन न्यायची होती, तिथून ओळख झाली. आता शेतीबरोबर दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देतात. कुसगावात अशा घरगुती खोल्या बऱ्याच आहेत, लोणावळ्यातल्या हॉटेलांपेक्षा निम्म्यात होतं आणि पिठलंभाकरी चुलीवरची मिळते. आमच्याकडून अर्थात कुणी काही घेत नाही. पण त्या दिवशी आबांचं काहीतरी बिनसलं होतं. पाणी दिलं, माझ्या नोकरीची चौकशी केली, पप्पांकडे मात्र ढुंकून बघितलं नाही.

शेवटी मावशींनीच, आबांच्या बायकोने, विषय काढला. दर बुद्धपौर्णिमेला आमच्या घरची खीर कुसगावला येते. पप्पा स्वतः डबा गाडीला अडकवून आणतात. यंदा खीर आली नाही. म्हटलं विसरले असतील, मावशी म्हणाल्या, पण मग कामशेतच्या बाजारात झालं ते काय?

"म्या समोर हुबा होतो," आबा म्हणाले, अजून दुसरीकडेच बघत. "तू गाडीवरनं आलास. म्या हात केला. तू बघितलंस आन् हात न्हाई केलास. तसाच गेलास."

मावळात ही साधी गोष्ट नाही. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की गाडी हळू करायची आणि हात करायचा. थांबायला वेळ नसेल तर चालतं, पण हात झाला पाहिजे. न करणाऱ्याचे दोन अर्थ लावतात. एक तर तो चिडलाय, नाहीतर त्याला पैशाचा माज आलाय.

पप्पा सतरंजीची दोरी ओढायला लागले. मग म्हणाले, "हात केला की हँडल हलतं, सोपान. उजवा उचलला की डाव्यात गाडी ऱ्हात न्हाई. बाजारात पडलो असतो तर लोकं म्हनली असती, लाइनमनचं हात गेलं. मलाबी आता तसंच वाटतंय. म्हनून मी कुनाला हातच करत न्हाई. खीर बी त्यासाठीच न्हाई आनली."

आबांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. मावशी उठून आत गेल्या.

माझ्या डोक्यात मात्र एकदम लख्ख झालं. पप्पांना विचारलं, हे गॅरेजवाल्याला का नाही सांगितलं? म्हणाले, "एका हाताने चालवतो असं सांगू? आधी तूच मला झापलं असतंस." झापलंच असतं. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल?

पण बघा ना, सगळं उत्तर त्या हातातच होतं. नमस्कार कुणी डाव्या हाताने करत नाही. उजवा हात उचलला की ॲक्सिलरेटर आपोआप सुटतो, पुढचा ब्रेकही त्याच हाताला, म्हणजे तोही नाही. गाडी नुसती सुटलेली, आणि हँडल एका डाव्या हाताच्या भरवशावर. असं कुणी चालवून बघितलंच नव्हतं. मिलिंदला आणि मला मावळात ओळखतंय कोण? आम्ही आपले दोन्ही मुठी आवळून हायवेने जाणार. मुठी आवळल्या की हलणारं हँडलसुद्धा दबून राहतं.

सकाळी निघताना आबांनी इंद्रायणी तांदळाची पिशवी करकचून कॅरियरला बांधली. कुसगावातून तांदळाशिवाय परत गेलं तर म्हणे ते येणं मोजत नाहीत. मी नको म्हणणार होते, पण विचार केला, बरंच आहे. मागे वजन वाढलं की पुढचं चाक हलकं होतं. दोष असला तर जास्तच दिसेल.

परतीला औंढोलीवरून दुधिवरे खिंडीचा रस्ता धरला. हा रस्ता एकदा तरी करा. चढ-वळणं आहेत, समोरून गाडी आली की कडेला घ्यावी लागते, पण खिंड ओलांडली की खाली पवनेचं पाणी आणि त्यामागे तुंग-तिकोना असं समोर येतं की गाडी बंद करून उभं राहावं. पेट्रोल लोणावळ्यातच भरा.

पवनानगरच्या अलीकडे एक सरळ, रिकामा पट्टा मिळाला. साठला नेली. ॲक्सिलरेटर सोडला. यावेळी मुठी सैल केल्या, तळवे नुसते टेकवलेले. (हात पूर्ण सोडून हा प्रयोग करू नका. माझ्या वडिलांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते.) पन्नास गेलं. पंचेचाळीसच्या आसपास हँडल डावी-उजवीकडे मान हलवायला लागलं, आधी हळू, मग चांगलंच जोरात. मी मुठी आवळल्या, ते थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा हललं.

मी घाबरले होते, आणि त्याच वेळी मला इतका आनंद झाला होता की डोळ्यांत पाणी आलं.

"हलली?" मागून पप्पांनी विचारलं.

"हलली, पप्पा. गाडीच हलते."

थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर त्यांचा हात टेकला आणि पवनानगर येईपर्यंत तिथेच होता.

कामशेतला पवनेच्या रस्त्यावर गणेशभाऊंचं गॅरेज उघडं होतं. त्यांनीही आधी डिस्ककडेच बघितलं. मी म्हटलं, डिस्कला सोडा, ब्रेक न लावता हलते, हात सैल सोडला की हलते. तेव्हा ते खाली बसले. इंजिनखाली लाकडाचा ठोकळा लावून पुढचं चाक उचललं. चाक फिरवलं, रिम जवळजवळ सरळ होती. मग पुढचे दोन्ही शॉकअप खालून धरून मागेपुढे ओढले, आणि वर हँडलच्या मुळाशी बोट ठेवायला मला सांगितलं. बोटाखाली टक असं झालं. कोनसेट, म्हणजे ज्या गोळ्यांवर हँडल फिरतं तो भाग, सैल झाला होता. मग त्यांनी टायरवरून हात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट्या दिशेने किसणी. टायर उंचसखल खाल्ला गेला होता. हवा मोजली तर असायला हवी त्याच्या खूपच कमी.

"हवा कोण कमी ठेवतं?" गणेशभाऊंनी विचारलं.

पप्पांनी घसा साफ केला. पंपावरच्या कुणीतरी सांगितलं होतं, हवा कमी ठेवली की दणके कमी बसतात. त्यांची पाठ दुखायची, त्यांनी ऐकलं. टायर कशाने खाल्ला हे तिथेच कळलं.

गणेशभाऊ सगळं एकदम करायला निघाले, मी आडवी आले. एकेक करा म्हटलं, नाहीतर कशाने थांबलं ते कळणार कसं? ते वैतागले, पण तयार झाले. आधी हवा भरली, एक चक्कर मारून आले, थोडं कमी झालं. मग कोनसेट आवळला, आणखी कमी झालं. अजून आवळला तर थांबेलही, ते म्हणाले, पण हँडल जड होईल, मग वळणावर गाडी तुमचं ऐकणार नाही. म्हणून पुढचा टायर नवा टाकला. त्यानंतरच्या चकरेत हात कितीही सैल सोडला तरी हँडल हललं नाही. टायर-ट्यूब आणि मजुरी धरून दोन हजारांच्या पुढे गेलं, आणि तीनदा चहा झाला.

घरी येताना गाडी पप्पांनी चालवली. मी मागे, माझ्यामागे तांदूळ. कामशेतच्या बाजारात एका भाजीवाल्या मावशींनी त्यांना ओळखलं. पप्पांनी गाडी हळू केली. त्यांचा उजवा हात जरा थबकला, मग उचलला गेला. माझा जीव मुठीत. गाडी सरळ गेली.

मिलिंदला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. हँडल गाडीचं हलत होतं, आणि कपही खरंच वाजतो. पप्पांना डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वयाचा कंप आहे, लक्ष ठेवू, पण सध्या गाडी बंद करायचं कारण नाही. मिलिंदने मोबाइलमधले विक्रीचे फोटो पप्पांसमोरच काढून टाकले. तो मनाने वाईट नाही हो, घाबरला होता. मीही घाबरले होतेच.

पुढच्या रविवारी आईने बिनसणाची खीर केली आणि पप्पा डबा अडकवून एकटेच कुसगावला गेले. दुपारच्या जेवणाला परत यायचे होते. दोन वाजले, तीन वाजले. मिलिंद गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागला, त्याने आबांना फोन केला, तर पप्पा तिथून कधीच निघाले होते. ऊन उतरायला आल्यावर खाली गाडीचा आवाज आला. पप्पा वर आले, हेल्मेट काढलं, चेहरा उन्हाने लाल झालेला.

मिलिंदने विचारलं, एवढा वेळ कुठे होतात?

"उन्हाळ्यापासूनचे राहिले होते ना," पप्पा म्हणाले. "सगळ्यांना हात करत आलो."