दोर धरणारा हात

उत्तराखंडातल्या गिर्यारोहणाच्या शिबिरात शेजारच्या तंबूतून आवाज आला, "हे बूट मले नाई होत बाप्पा." आपली वऱ्हाडी ऐकून मी धावतच बाहेर आलो. तो आमच्याच वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडचा निघाला. घरचं कापडाचं दुकान. मी मेडशीचा, सोयाबीन-तुरीच्या घरातला. त्या दिवसापासून आम्ही एका दोरावर चढू लागलो.

सह्याद्रीतले मोठे सुळके एका दमात होत नाहीत. एकानं दोर पुरेल तेवढं वर जायचं, स्वतःला खडकाला बांधायचं आणि मग दुसऱ्याला वर घ्यायचं. खालच्याच्या कमरेला बिले डिव्हाइस असतं. दोर त्यातून जातो, आणि वरचा पडला की खालच्यानं तो आवळून धरायचा. आमचं डिव्हाइस साधं, दोन खाचांचं होतं. हलकं, ओल्या दोरालाही चालणारं, पण सगळी भिस्त हातावर. त्याच्या हातावर माझा इतका विश्वास होता की चढताना मी खाली बघतसुद्धा नसे.

हिमालयातल्या एका शिखराची तयारी चालू असताना कारंजाजवळ त्याची मोटारसायकल घसरली. उजव्या खांद्याची नस तुटली. हात राहिला, पण मूठ वळेना.

"चढणं जमन हळूहळू," तो म्हणाला. "दोर डाव्या हातानं धरतो. आपण ते आपोआप अटकणारं डिव्हाइस घेऊ."

त्यात झटका बसला की दोर आतच दाबला जातो. मी ते पुण्याहून आणलं. आमच्या शेतातल्या कडुनिंबाच्या फांदीवरून दोर घेऊन अर्धं भरलेलं सोयाबीनचं पोतं वर टांगलं. तो डिव्हाइस कमरेला लावून खाली उभा राहिला आणि मी पोतं सोडलं. ते अधांतरी थांबलं.

"पाह्यलं? पकडलं ना?" तो हसला. अपघातानंतर पहिल्यांदाच.

पुन्हा सोडलं, पुन्हा थांबलं. मग पोतं सावकाश खाली घ्यायचं होतं. त्यासाठी एका हातानं खटका उघडायचा आणि दुसऱ्या हातानं दोर धरून ठेवायचा. त्याचा डावा हात खटक्यावर गेला, उजव्यातून दोर सरसर निसटला. पोतं जमिनीवर आपटून फाटलं. बांधावरून बघणारी माझी आई येऊन खाली बसली आणि दाणे गोळा करू लागली. आम्हीही बसलो.

"आपण सोपा डोंगर घेऊ," मी म्हणालो.

"काहून?"

"तुह्यासंगं जायचं हाय म्हणून."

त्यानं डाव्या मुठीतले दाणे फाटक्या पोत्यावर टाकले. मग म्हणाला, "तिकडं दोरावर बर्फ धरते. हे मशीन घसरलं तं मांगं हात पाह्यजे, अन् तोच नाई माह्याजवळ. तू माह्या भरोशावर चढशीन, अन् मी मशीनच्या. असं नाई चालत यार. तू दुसरा जोडीदार पाह्य."

मी खूप समजावलं. तो ऐकेना. उलट माझ्यासाठी नवं डिव्हाइस त्यानंच निवडलं. जुन्यासारखंच साधं, पण वरच्या खडकाला अडकवायला जास्तीचं भोक असलेलं. "दुसऱ्याले वर घेताना तो सुटला तं दोर आपोआप अटकते," तो सांगत होता. "उतरताना दोन दोरंही बसतात यात. डोंगरावर हेच घेऊन जाय."

मी गेलो. नवा जोडीदार चांगला होता, मला त्याच्याबद्दल तक्रार नाही. वरच्या टप्प्यावर बसून मी दोर ओढत होतो, डिव्हाइस नीट चालत होतं. कड्याच्या धारेवर टोपी दिसली, मग चेहरा. तो दुसऱ्याचाच होता. कोण येतंय हे मला माहीत होतं, तरी बघवेना. मी खडकाकडे तोंड केलं आणि गाठ तपासत राहिलो.

परतल्यावर कारंजाला गेलो. तो दुकानात डाव्या हातानं कापड मोजत होता.

"डिव्हाइस बरोबर चाललं ना?"

"चाललं."

"बर्फात?"

"बर्फातही."

त्यानं मान हलवली. मी फोन काढला, तर त्यानं त्यावर हात ठेवला. "फोटो नको दाखवू यार."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मित्रानं त्याच्यासमोर नवा तागा उलगडला. त्यानं मागवलेला चहा संपवून मी स्टँडकडे निघालो. आम्ही अजून भेटतो, त्याच्या ईदला, आमच्या दिवाळीला. घरच्यांबद्दल, पिकांबद्दल, दुकानाबद्दल बोलतो. डोंगराचा विषय तो काढत नाही आणि मीही काढत नाही.