खेळाडूची खूण

सायरा शेख शाळेची दफ्तरं शिवायची. वडवणीतल्या बारा बायकांनी मिळून शिलाईची सहकारी संस्था काढली होती, आणि केसरबाई तिच्या अध्यक्षा होत्या. २०१३च्या दुष्काळी उन्हाळ्यात मात्र दफ्तरांना गिऱ्हाईक उरलं नाही. आठवडी बाजार ओस पडायचा. सहा मशिनींपैकी चार झाकून ठेवलेल्या.

अशात औरंगाबादचा एक व्यापारी बुटाचा नमुना घेऊन आला. परदेशातल्या एका नामी बास्केटबॉल खेळाडूच्या नावाने निघालेला तो बूट. शहरातली कॉलेजची पोरं तो खेळण्यापेक्षा मिरवायलाच घालत. बूट दिसावा म्हणून जीनची पँटही घोट्याच्या वर दुमडत. व्यापाऱ्याला तस्साच बूट हवा होता. वरचा भाग बायकांनी शिवायचा, त्यावर खेळाडूची खूणही उठवायची, तीही कंपनीला न विचारता.

नमुन्याच्या जोडातला एक बूट सायराने घरी नेऊन टाका न् टाका उसवला. घोट्याभोवती फोमची दुहेरी घडी होती, पण मागची कड मुद्दाम खाली कापलेली. असं का, ते तिला कळेना. बीडच्या कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवणाऱ्या सुभद्राबाईंना तिने विचारलं. त्यांनी सांगितलं, उडी मारताना कड टाचेच्या शिरेला रुतते, हे त्या खेळाडूने बूट बनवणाऱ्यांपाशी बसून सांगितलं होतं. त्याच्यासाठी ती कापली, आणि मग तीच फॅशन झाली.

सायराने शिवलेला वरचा भाग उरलेल्या बुटाशेजारी ठेवला तेव्हा खरी शिवण कोणती, हे व्यापाऱ्यालाही ओळखता येईना. तिला अभिमान वाटला.

कराराच्या कागदावर सही करायच्या दिवशी टेम्पो दारात उभा होता. व्यापारी म्हणाला, अर्ध्या तासात काय ते सांगा, नाहीतर मी माजलगावला जातो. संस्थेतल्या भिवराबाई सहीच्या बाजूने होत्या. त्यांचं म्हणणं, दुष्काळात चालून आलेलं काम लाथाडायचं नसतं. केसरबाईंनी पेन उचललं, तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. आठ दिवसांनी पाणी आलं होतं. घागरी घेऊन सगळ्या धावल्या. सायराच्या घरचं पाणी तिची सासू आमिनाबी भरायची, म्हणून ती एकटी मागे राहिली.

व्यापाऱ्याने आवाज हळू केला. बायका नाही म्हणाल्या तरी तू औरंगाबादला ये, पंधरा मशिनींवर तुला मुकादम करतो, खोली देतो. सायराने मांडीवरचा नमुना उचलून बाजूला ठेवला.

बायका भिजलेल्या पदरांनी परत आल्या. सायरा उठली आणि व्यापारी काय म्हणाला ते तिने त्याच्यासमोरच सांगून टाकलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

मग ती केसरबाईंकडे वळली. "मावशी, ह्यो बूट मलाबी लई आवडला. पन त्या गड्यानं सोताच्या पायाचं दुखनं सांगितलं, तवा त्याची खून बुटावर आली. आपून कुनाचं दुखनं इचारलं? उद्या पोलीस आले तर सही तुमची हाय, शिवन माजी हाय. हा तर शहराला निघून जाईल."

"आन् खायचं काय, खून?" भिवराबाई म्हणाल्या.

"ते मलाबी ठावं न्हाई," सायरा म्हणाली.

हात वर झाले. नको म्हणणाऱ्या सात, हवं म्हणणाऱ्या पाच. केसरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या पाचजणींनी मात्र व्यापाऱ्याचं काम घरी नेलं. जाताना भिवराबाई सायराशी बोलल्या नाहीत.

आपलाच बूट शिवायचा असं ठरवून सायरा बीडला गेली. सुभद्राबाईंच्या संघातल्या मुलींना एकेक करून विचारलं, कुठे रुततं, कुठे घसरतं. एकीला करंगळीपाशी जागा हवी होती, दुसरीचा घोटा आधीच दुखावलेला. बुटाचे तळ बाहेरून मागवले, ते चिकटवायला चांभारकाम जाणणारा बीडचा वाहेद होता. पहिला जोड सरावातच फाटला. मुलगी पडली, गुडघा फुटला. सायराने तिची माफी मागितली आणि त्या जागी तिहेरी टाका घातला.

परभणीच्या सामन्याला ती पायऱ्यांवर बसली. चेंडू कुठे गेला ते तिला कळलंच नाही, ती फक्त पाय बघत होती. मुली चार गुणांनी हरल्या. एकही शिवण उसवली नाही.

दिवाळीपर्यंत बावीस जोड गेले. त्यांत खेळणाऱ्या मुलींचे नऊच. बाकीच्या पोरींना ते सलवारीखाली घालायचे होते. त्या ते घालून कपिलधारच्या देवळाला, बाजाराला जात आणि सलवार घोट्यापाशी वर चढवत.

व्यापाऱ्याचा टेम्पो श्रावणातच यायचा बंद झाला होता. एका सकाळी भिवराबाई संस्थेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सायराने तिसऱ्या मशिनीवरचं फडकं काढलं आणि करंगळीपाशी किती सैल ठेवायचं, ते त्यांना दाखवायला सुरुवात केली.