रुपरावांचं लायसन

रुपराव निखारे यांच्या घरच्या पुढच्या खोलीत एके काळी हातमाग खटखटायचा. पुढं पॉवरलूम आले, हाताने विणलेल्या पातळाला गिऱ्हाईक उरलं नाही आणि रुपरावांनी माग मोडून त्याची लाकडं माळ्यावर टाकली. रिकाम्या खोलीकडे बघत ते आठवडाभर नुसतेच बसून राहिले. शेवटी त्यांची बायको गोपिका म्हणाली, "मले रांधता येते. खोली आहे. मंग बसून काहून राहिले?"

अशी गोळीबार चौकामागच्या त्या गल्लीत मटणाची खानावळ निघाली. गोपिकाबाईंचा रस्सा काळाभोर, जवसाच्या तेलातला. खाणाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं आणि तरी तो वाटी पुढं करायचा. धरमपेठेतली मोठी माणसंसुद्धा चौकात स्कूटर लावून पायी गल्लीत शिरायची.

या माणसांपैकी पुष्कळांच्या पिशवीत बाटली असायची. पाण्याच्या गिलासात टेबलाखाली ओतून घ्यायचे. रुपरावांना दिसायचं, पण ते पाठ फिरवून भाकरी वाढायचे. मग एका संध्याकाळी पोलीस आले. जेवत्या माणसाला उष्ट्या हाताने उठवून नेलं आणि मालक म्हणून रुपरावांनाही चौकीत बसवलं. उभ्या आयुष्यात ज्यांनी चौकीची पायरी चढली नव्हती, ते रुपराव घरी आले तेव्हा मान वर करत नव्हते.

"आता चोरून काही नाही वं," ते बायकोला म्हणाले. "लायसनच काढतो."

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरचा तो काळ. दारूबंदी सैल झाली होती, सदर-सीताबर्डीकडे परमिट रूमच्या पाट्या दिसू लागल्या होत्या. गोपिकाबाईंनी पदराला हात पुसले.

"काढा. पण लोक माह्या हातचं खायाले येतात. उद्या पियाले येतीन, अन् माह्या भाजीचा चाखणा होईन. ते मले चालणार नाही. ताट घेतल्याबिगर कोणाले गिलास द्यायचा नाही."

रुपरावांनी कबूल केलं आणि सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत त्यांच्या चकरा सुरू झाल्या. आज नकाशा आणा, उद्या पोलिसांचा दाखला आणा. पिण्याची खोली वेगळी हवी, रस्त्यावरून आतलं दिसता कामा नये. माळ्यावरची मागाची लाकडं उतरवून रुपरावांनी त्यांचाच आडोसा ठोकला. मग एक इन्स्पेक्टर टेप घेऊन आले. मारुतीचं देऊळ किती लांब, महापालिकेची शाळा किती लांब, सगळं मोजलं. अंतर भरलं. "ड्यूटीवर मी पाणीही घेत नाही," असं बजावून ते साहेब स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र बराच वेळ वही चाळत उभे होते.

आता अडचण नाही असं वाटत असतानाच समोरच्या घरातून हरकत गेली. हरकत इंदूबाईची होती. इंदूबाई म्हणजे गोपिकाबाईंची जिवाभावाची शेजारीण, वाटीभर साखरेपासून बाळंतपणापर्यंत धावून येणारी. तिचा नवरा बळीराम मिलमध्ये होता आणि नाल्यापलीकडच्या हातभट्टीवर त्याचं रोजचं जाणं होतं. तिने गल्लीतल्या बायांचे अंगठे गोळा केले होते.

कचेरीत दोघांनाही एकाच दिवशी बोलावणं आलं. मे महिन्यातलं नागपूर, डांबर चपलेला चिकटत होतं. रुपराव डोक्याला दुपट्टा गुंडाळून सायकलरिक्षात बसले, तर इंदूबाई पदर तोंडावर ओढून पायीच निघालेली.

"बस वं इंदू. लू लागून मरशील."

"तुह्याच विरुद्ध बोलायले जाऊन राहिली ना मी."

"मंग बोलजो. पण बस."

ती बसली. गोपिकाबाईंनी रुपरावांच्या हाती दोन कांदे दिले होते, एक नवऱ्यासाठी, एक शेजारणीसाठी. ऊन लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवावा म्हणतात. इंदूबाईने तो पदरात बांधला.

कचेरीतल्या मोठ्या साहेबांच्या खोलीत खिडकीला वाळ्याची ताटी होती. साहेबांनी विचारलं, "बाई, तुमची तक्रार काय? हा माणूस दंगा करतो? लबाड आहे?"

"नाही जी. माणूस लाख आहे."

"मग?"

"म्हणूनच नको म्हणतो, साहेब. नाल्यापलीकडं जायाले माणूस लाजते. तोंड लपवून जाते, कधी अर्ध्या रस्त्यातून वापस येते. याच्याकडं कोणीच लाजणार नाही. भल्या माणसाच्या घरची म्हणून पेतीन."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बाई, बोललात खरं. पण कायद्यात हे बसत नाही." आणि हरकत फेटाळली.

लायसन मिळालं. ज्यासाठी एवढ्या चपला झिजवल्या ते हाती आलं, पण रुपरावांनी ते घडी करून नुसतं खिशात ठेवलं. चौकीतून आले तेव्हा त्यांना लाज वाटली होती. आज जे वाटत होतं त्याला त्यांच्याकडे नाव नव्हतं.

परमिट रूम उघडली त्या दिवशी बळीराम धुतलेला सदरा घालून सर्वांत आधी हजर झाला. रुपरावांनी दारातच हात जोडले.

"जेव. पोटभर जेव. पण गिलास तुले नाही, बळीराम."

"काहून? मी पैसे नाही देऊन राहिलो काय?"

"माह्याकडून होत नाही गा."

बळीरामला चार लोकांत अपमान वाटला. तो तरातरा निघून गेला तो थेट नाल्यापलीकडं, आणि त्यानंतर ईर्ष्येने जास्तच पिऊ लागला. पावसाळ्यात एकदा परतताना तो नाल्यातच घसरला. लोकांनी बाजेवर टाकून आणला, पाय मोडला होता. पाय जुळून आला तेव्हा इंदूबाई रुपरावांच्या दाराशी येऊन उभी राहिली. किती वेळ ती नुसती चौकटीवरून बोट फिरवत होती.

"देत जा त्याले," ती शेवटी म्हणाली. "पण तुह्या डोळ्यासमोर. अन् जेवू घालून. तिकडं विष देतात त्याले."

"तूच हरकत घेतली होती ना वं?"

"घेतली होती. आजही माह्यी हरकतच आहे. पण नवरा मले जिता पाहिजे."

रुपरावांनी मान हलवली. त्यानंतर कितीतरी वर्षं बळीराम रोज संध्याकाळी येऊन बसायचा. आधी ताट, मग एक गिलास. दुसरा मागितला की रुपराव "घरी जा गा" म्हणायचे आणि तो कुरकुरत जायचा. दारू काही सुटली नाही त्याची. पण नाल्यात पुन्हा पडला नाही, आणि थोरल्या पोरीच्या लग्नात मांडवात शुद्धीवर उभा होता. इंदूबाईने एवढ्यावर समाधान मानलं की नाही, हे तिलाच ठाऊक. रुपरावांशी मात्र ती पूर्वीसारखी कधी बोलली नाही. गोपिकाबाईंशी बोलायची.

पुढं शहाऐंशी साली गोपिकाबाईंच्या उजव्या हाताला लकवा मारला. रुपरावांनी आचारी ठेवून पाहिला. गिऱ्हाइकं तेवढीच येत होती, गिलास रिकामे होत होते, ताटं मात्र तशीच भरलेली परत जात होती. पंधरवड्यात रुपरावांनी आचाऱ्याला निरोप दिला आणि लायसन परत करायला कचेरीत गेले. तिथला नवा कारकून चक्रावला. म्हणाला, "काका, लोक यासाठी मंत्र्याची चिठ्ठी आणतात. धंदा बुडाला का?"

"नाही. सैपाक बंद झाला," रुपराव म्हणाले.

मागाच्या लाकडांचा आडोसा निघाला, खोली पुन्हा मोकळी झाली. तिथं त्यांनी गोपिकाबाईंची बाज टाकली. संध्याकाळ झाली की सवयीने जुनी माणसं यायची, बाजेभोवती बसायची. स्कूटरवाले हळूहळू यायचे थांबले; गल्लीतले येत राहिले. बळीरामही येई, आणि हात कुठं ठेवावे ते न कळून गुडघ्यांवर ठेवून बसे. चहा रुपराव करायचे. तो इतका वाईट व्हायचा की एके दिवशी इंदूबाई समोरून तरातरा आली, त्यांच्या हातातली सांडशी हिसकून घेतली आणि म्हणाली, "सरक तिकडं. आलं जाळून टाकलं तुनं."

गोपिकाबाई बाजेवर पडल्या पडल्या खुदकन हसल्या.