वन्संचं शहामृग

आमच्या वन्संना पाटावर बसून स्वस्थ जेवताना मी कधी पाहिलं नाही. ताट ओट्यावर ठेवून त्या उभ्यानं जेवत आणि दोन घासांच्या मध्ये खिडकीपर्यंत जाऊन येत. लग्न होऊन मी जुन्या इंदुरातल्या या घरात आले, तेव्हा वाटलं, नणंदबाईंना माझं येणं खपलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "तुझं काही नाही गं. ती जन्मापासून अशीच."

वन्सं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. लग्न केलं नव्हतं. राजधानी इंदुराहून भोपाळला गेल्याचे ते दिवस. ओळखीच्या घरांतून सारखी बांधाबांध चाललेली. एका जुन्या सरदारांचे चिरंजीव, आबासाहेब, तेही बंगला विकून निघाले होते. त्यांच्या बागेत वडिलांनी हौसेनं आणलेली शहामृगांची जोडी होती. रविवारी वन्सं मला तिकडे ओढून नेत.

"मादी राखी आहे ना, ती दिवसा अंड्यांवर बसते. काळा नर रात्री. म्हणजे दोन्ही वेळा कुणाला दिसायला नको," त्या भराभर सांगत.

"पण घाबरलं की वाळूत डोकं खुपसतं ना?" मी एकदा विचारलं.

वन्सं भडकल्याच. "कुणी सांगितलं? मान खाली घालतो तो अंडी फिरवायला! भ्याला तर मान जमिनीवर पसरून गप पडतो, नाहीतर पळतो. आणि पळता आलं नाही तर लाथ मारतो, तीही पुढे. समोर उभी राहू नकोस, सुमन."

त्या हिवाळ्यात मादीनं अंडी घातली आणि थोड्याच दिवसांत ती मेली. शहामृगाला दात नसतात. दाणे दळायला ते खडे गिळतं. बांधाबांधीच्या खोक्यांचे खिळे बागेत सांडले होते, तिनं तेच वेचून खाल्ले. वन्संनी स्वतः तिचं पोट फाडून पाहिलं. घरी येऊन हात धुतले आणि दिवे लागेपर्यंत गच्चीवर येरझारा घालत राहिल्या. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "दिवसाचं कोण बसणार आता?"

नर बसला. दिवसाही, रात्रीही. दुपारच्या उन्हात त्याची काळी पाठ तापे, तो चोच उघडून धापा टाकी. वन्संनी माळ्याकडून बांबू रोवून घेतले आणि वर चटई ताणली. कॉलेजच्या आधी एक फेरी, नंतर एक. मधल्या वेळात घरात भांडं पडलं तरी दचकत. त्यांच्यामुळे मलाही झोप लागेनाशी झाली.

एका सकाळी माळी धावत आला. "बाईजी, जल्दी चलिए! सर्कसवाले आए हैं, ले जा रहे हैं."

आम्ही पोचलो तेव्हा नराच्या पायात दोर अडकवायची झटापट चालली होती. त्यानं एकाला लाथेनं लोळवलं होतं आणि स्वतः तारेच्या कुंपणावर आपटत होता. वन्संनी अंगातला स्वेटर काढला.

"बहनजी, हटिए, मार डालेगा!"

त्यांनी ऐकलंच नाही. स्वेटरची बाही उलटी करून हातात चढवली, बाजूनं गेल्या, चोच पकडली आणि बाही त्याच्या डोक्यावर सरकवली. डोळे झाकताच ते एवढं मोठं धूड जागच्या जागी उभं राहिलं.

आबासाहेब व्हरांड्यातून ओरडले, "ताई, हे काय चालवलंय? सौदा झालाय!"

"आधी इकडे या."

ते कुरकुरत आले. वन्संनी एक अंडं दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या कानाशी धरलं. आबासाहेबांनी कान टेकवला. मग त्यांनी अंड्याला स्वतःचा हात लावला.

"आत बोलतंय की हे!" ते म्हणाले.

"बापाला ऐकू जातंय. म्हणून तो हटत नाहीये."

सर्कसवाल्यांची गाडी रिकामी परत गेली.

त्या अंड्यांतून एकच पिल्लू जगलं. नर ऊन आलं की पंख पसरून त्याच्यावर सावली धरी. पुढे दूरच्या एका प्राणिसंग्रहालयानं बापलेकांना घ्यायचं कबूल केलं आणि सांभाळायला जाणतं माणूस मागितलं. वन्संनी त्याच दिवशी राजीनामा दिला. सासरे संतापले, "पक्की नोकरी सोडून पक्ष्यामागे जाणार?"

"नाना, इथं वर्षानुवर्षं मेलेले बेडूक कापतेय मी," वन्सं म्हणाल्या. नाना धुसफुसत उठून गेले. स्टेशनवर मात्र आले, आणि मालडब्याच्या दारातून पेंढ्याचा भारा त्यांनीच आत ढकलला.

गाडी हलली. मी हात हलवत राहिले. वन्संनी वळून पाहिलं नाही. गुडघे टेकून त्या पिल्लाला ओंजळीतून पाणी पाजत होत्या. घरी येईपर्यंत मी त्या गोष्टीचा राग धरला होता. आता मला ती पाठमोरी ओंजळच आठवते, आणि वाटतं, बरं झालं, त्यांनी मागे पाहिलं नाही.